जमिनीला विसावा, माणसाला हद्दपारी

शेत पिकवू नये म्हणून सरकार पैसे देते, असे एखाद्या सालगड्याला सांगितले तर त्याला ती थट्टा वाटेल. राबूनही जिथे हाती काही पडत नाही, तिथे न राबण्याचा मोबदला कोण देणार, असे तो विचारील. परंतु अमेरिकेत हा व्यवहार गेली नव्वद वर्षे कायद्याने चालत आला आहे. जमीनमालकाने आपल्या जमिनीचा काही भाग पडीक ठेवावा, त्यावर गवत किंवा झाडे लावावीत, पाणथळ जागेतले पाणी चर खणून काढून टाकू नये, आणि त्याबद्दल सरकारकडून एकरी रक्कम घ्यावी. माती वाहून जाऊ नये, पाणी मुरावे, पाखरांना आसरा राहावा, हा त्यामागचा घोषित हेतू आहे. या हेतूशी माझे भांडण नाही. माती वाचलीच पाहिजे.

माझा प्रश्न दुसरा आहे. नांगर थांबला तेव्हा नांगर धरणाऱ्या माणसाचे काय झाले? जमिनीच्या विसाव्याची किंमत सरकारने मालकाला चुकती केली. त्या विसाव्यापायी ज्याचे काम गेले, झोपडी गेली, त्याला कोणी काय दिले? या प्रश्नाचा माग काढू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. अनुदान मातीला मिळत नसते. आपल्या भाषेत सांगायचे तर ते सातबाऱ्याला मिळते. सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागले आणि कोणाचे लागू दिले नाही, यावर मृद्संधारणाचे सारे अर्थकारण उभे आहे.

अमेरिकेतील काळ्या माणसाचा लढा आपल्या वाचकांना परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नावच तिकडून घेतले. या नात्यातून त्यांची कविता आपल्याकडे आली, त्यांची आत्मकथने आली. त्यांच्या जमिनीचा इतिहास मात्र फारसा आला नाही. वस्तुतः आपल्या कार्यकर्त्यांना सर्वांत उपयोगी पडेल असा तोच इतिहास आहे.

१. मालकी कुठून आली?

अनुदान मालकाला मिळते, म्हणून मालक कसा झाला हे आधी पाहिले पाहिजे. १८६२ साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षे कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट देण्याची त्यात तरतूद होती. पुढील काळात या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. ही जमीन मूळची तिथल्या आदिवासी जमातींची होती आणि ती मिळालेली कुटुंबे बहुसंख्येने गोरी होती.

याच काळात काळ्यांना काय मिळाले? यादवी युद्धाच्या अखेरीस, १६ जानेवारी १८६५ रोजी, जनरल शर्मन यांनी एक लष्करी हुकूम काढला. दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनारपट्टीवरील सुमारे ४ लाख एकर जमीन मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत द्यावी, असा तो हुकूम होता. सुमारे ४० हजार माणसे या जमिनीवर वसली. त्यांनी पेरणी केली. पण त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि जमिनी त्यांना परत करवल्या. ज्यांनी देशाविरुद्ध शस्त्र उचलले ते पुन्हा मालक झाले. ज्यांनी दोनअडीचशे वर्षे फुकट राबून ती जमीन घडवली, ते त्याच मालकाचे वाटेकरी झाले.

वाटेकरी म्हणजे आपल्याकडचा बटाईदारच. जमीन, खेचर, बियाणे, अवजार सारे मालकाचे, घाम वाटेकऱ्याचा. पीक अर्धे अर्धे. पण वर्षभर लागणारे पीठ, मीठ, कापड मळ्याच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे आणि हिशेबाची वही मालकाच्या हाती. कापूस विकला गेल्यावर वाटेकऱ्याच्या नावावर बहुधा बाकीच निघायची. वाटेकऱ्यांत गोरे गरीबही पुष्कळ होते. परंतु काळ्या वाटेकऱ्याला मत नव्हते आणि न्यायालयात त्याच्या शब्दाला वजन नव्हते. हिशेब विचारणे म्हणजे जिवाशी खेळ होता. १९१९ साली आर्कान्सा राज्यातील इलेन या गावाजवळ काळ्या वाटेकऱ्यांनी कापसाचा योग्य भाव मिळावा म्हणून संघटना बांधली, तेव्हा त्यांची कत्तल झाली आणि वर त्यांच्यापैकीच १२ जणांना फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ चा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढे ते सुटले, एवढेच.

पाणथळ जमिनीचीही हीच कहाणी. १८४९, १८५० आणि १८६० च्या कायद्यांनी केंद्र सरकारने सुमारे साडेसहा कोटी एकर पाणथळ जमीन राज्यांना देऊन टाकली. अट अशी की राज्यांनी ती विकून त्या पैशातून पाणी काढावे आणि जमीन लागवडीखाली आणावी. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात हे काम कोणी केले? नदीकाठचे बांध घालणारे, दलदलीत उभे राहून झाडे तोडणारे, चर खणणारे हात मोठ्या संख्येने काळ्या मजुरांचे होते. त्यांत तुरुंगातून कंत्राटाने दिलेले कैदीही होते. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण शंभर वर्षांनी याच दलदलीचे पैसे वाटले जाणार होते.

२. उभे पीक नांगरण्याचे पैसे

१९२९ नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला. मे १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने शेतीविषयक नवा कायदा केला. माल कमी झाला तर भाव चढेल, म्हणून लागवड कमी करणाऱ्याला सरकारने पैसे द्यावे, असे त्याचे तत्त्व होते. त्या उन्हाळ्यात कापूस शेतात उभाच होता. तेव्हा १ कोटी एकरांहून अधिक उभे पीक नांगरून टाकण्यात आले. सरीतल्या रोपावर पाय पडू न देण्याची सवय लागलेली खेचरे पिकावरून चालायला तयार होईनात, अशी आठवण त्या काळच्या वर्णनांत येते. जनावराला जे उमगत नव्हते ते माणसाकडून करवून घेतले गेले.

पैसे वाटले गेले ते कसे? करार सरकार आणि जमीनमालक यांच्यात होता. वाटेकरी त्या करारात पक्षकारच नव्हता. १९३४-३५ च्या कापूस करारात पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल पौंडामागे साडेतीन सेंट भाडे ठरले, ते सारे मालकाचे. याखेरीज भावाच्या भरपाईचा एक सेंट होता, त्यातला अर्धा वाटेकऱ्याचा. म्हणजे मालकाला चार सेंट आणि वाटेकऱ्याला अर्धा सेंट. हा अर्धा सेंटही मालकाच्या हातून मिळायचा, आणि मालकाची उधारीची वही तर उघडीच होती.

येथे जमीन पडीक ठेवण्याचा खरा अर्थ कळतो. मालकाने चाळीस टक्के जमीन पिकाखालून काढली तर त्याला तेवढ्या वाटेकऱ्यांची गरज उरत नाही. शिवाय वाटेकरी ठेवला तर त्याला अर्धा सेंट द्यावा लागतो. तोच माणूस रोजंदारीवर ठेवला तर काहीच द्यावे लागत नाही. मालकांनी हिशेब केला आणि कुटुंबांना मळ्यावरून काढायला सुरुवात केली. आलेल्या पैशातून काहींनी ट्रॅक्टर घेतले, मग उरलेलेही नकोसे झाले. दक्षिणेत १९३० साली सुमारे ७ लाख ७६ हजार वाटेकरी होते, ते १९४० साली ५ लाख ४१ हजार उरले. या घटीचे एकच कारण नव्हते. पण सरकारी धनादेश हे त्यातले मोठे कारण होते.

करारात एक कलम होते. मालकाने शक्य तोवर वाटेकऱ्यांची नेहमीची संख्या कायम ठेवावी, असे ते म्हणत होते. 'शक्य तोवर' या दोन शब्दांत सारा कायदा बुडाला. शेतखात्यातील काही तरुण वकिलांनी जेरोम फ्रँक यांच्या पुढाकाराने या कलमाचा अर्थ असा लावला की, नुसती संख्या नव्हे, तीच माणसे मालकाने ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये या वकिलांनाच खात्यातून काढून टाकण्यात आले. दक्षिणेतील मळेवाल्यांचे प्रतिनिधी संसदेच्या समित्यांवर बसले होते, आणि त्यांच्या मतांवाचून सरकारचे पान हलत नव्हते.

३. वाटेकऱ्यांचा संघ

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातील टायरोन्झा या गावाजवळच्या एका शाळेत १८ माणसे जमली. ११ गोरी, ७ काळी. जवळच्या एका मळेवाल्याने वाटेकऱ्यांची कुटुंबे काढून टाकली होती. काळ्यांचा आणि गोऱ्यांचा संघ वेगवेगळा असावा की एकच, असा प्रश्न तिथे निघाला. इलेनच्या कत्तलीच्या वेळी तिथल्या संघटनेत असलेला एक वृद्ध काळा वाटेकरी उठला आणि एकत्र राहण्याच्या बाजूने बोलला. सदर्न टेनंट फार्मर्स युनियन अशी जन्माला आली. एच. एल. मिचेल हा गोरा कार्यकर्ता आणि ई. बी. मॅकिनी हा काळा धर्मोपदेशक तिच्या नेतृत्वात होते. सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्त्यांना मारहाण झाली, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही संघ वाढला.

या संघाने जमीन पडीक ठेवू नका अशी मागणी केली नाही. त्यांचे म्हणणे साधे होते: जमीन पडीक ठेवण्याचा मोबदला असेल तर त्यात राबणाऱ्याचा वाटा आहे, आणि तो त्याच्या हातात थेट मिळाला पाहिजे. मला ही मागणी फार महत्त्वाची वाटते. मालक म्हणतो जमीन माझी, म्हणून जमिनीचा विसावाही माझा. वाटेकरी म्हणतो, जमिनीचे पीक जर आपण दोघे मिळून काढत होतो, तर पीक न काढण्याचे नुकसानही दोघांचे आहे. यात भीक नव्हती, साधा हिशेब होता.

सरकारने काय केले? जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३३ चा कायदा घटनाबाह्य ठरवला. लगेच फेब्रुवारीच्या अखेरीस संसदेने दुसरा कायदा केला. माती झिजवणारी पिके सोडून माती राखणारी पिके घेणाऱ्यास पैसे द्यावे, असे त्यात म्हटले होते. कापूस, मका, गहू ही झिजवणारी. गवत आणि द्विदल पिके राखणारी. मृद्संधारणाचे नियमित अनुदान असे सुरू झाले. धुळीच्या वादळांनी मध्य अमेरिका खरोखरच उद्ध्वस्त होत होती, १९३५ साली ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली मृद्संधारण सेवा स्थापन झाली होती, आणि माती वाचवण्याची तळमळ खरी होती. परंतु या कायद्याचा तातडीचा उपयोग भाव राखण्याची जुनी योजना नव्या नावाने चालू ठेवण्यासाठी झाला, हेही तितकेच खरे. मातीचे नाव आले. पैशाची वाट तीच राहिली.

पुढे वाटेकऱ्याचा हिस्सा कायद्याने वाढवण्यात आला. मालकांनी त्यावरही तोड काढली. हिस्सा द्यावा लागतो तो वाटेकऱ्याला; मग वाटेकरीच ठेवायचा नाही. मिसूरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात मालकांनी वाटेकऱ्यांना निघून जायला सांगितले. जानेवारी १९३९ च्या कडाक्याच्या थंडीत ओवेन व्हिटफील्ड या काळ्या उपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजाराहून अधिक माणसे, बहुतेक काळी, आपले चंबूगबाळे घेऊन दोन महामार्गांच्या कडेला येऊन बसली. बायका, मुले, चुली, गोधड्या सारे रस्त्यावर. देशभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. सरकारी अधिकाऱ्यांनी ही गर्दी आरोग्याला धोका आहे असे ठरवले आणि त्यांना तिथून हलवले. बेघर करणाऱ्याला अनुदान मिळत होते. बेघर होणारा रोगराईचे कारण ठरला.

४. समितीत कोण बसते?

ही अनुदाने वॉशिंग्टनहून ठरत, पण वाटली जात ती जिल्ह्याच्या पातळीवर. प्रत्येक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी निवडलेली एक समिती असे. कोणाला किती एकर कापूस लावता येईल, कोणाच्या बांधबंदिस्तीला पैसे मिळतील, कोणाची तक्रार ऐकायची, हे तिच्या हातात. कागदावर ही लोकशाही होती. दक्षिणेत या समित्या गोऱ्या मळेवाल्यांच्याच राहिल्या. १९६४ पासून मिसिसिपीत विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या एसएनसीसी या संघटनेने काळ्या शेतकऱ्यांना या समित्यांच्या निवडणुकीत उभे केले, तेव्हा त्यांना धमक्या आणि मारहाण सोसावी लागली. नागरी हक्क आयोगाच्या १९६५ च्या अहवालाने शेतीच्या योजनांमधील हा पक्षपात सरकारी कागदावर आणला. आपल्या पंचायतींचा आणि सोसायट्यांचा अनुभव असलेल्या वाचकाला यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

मिसिसिपीतील सनफ्लॉवर जिल्हा घ्या. सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा हजारो एकरांचा मळा या जिल्ह्यात होता. १९५६ ते १९७८ ते सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते, आणि नागरी हक्कांची विधेयके अडवणे हा त्यांचा लौकिक होता. सरकारने गरिबांवर पैसे उधळू नयेत असे म्हणणाऱ्यांत ते होते. १९६७ या एका वर्षात त्यांच्या मळ्याला कापसाच्या सरकारी योजनांतून दीड लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. याच जिल्ह्यात फॅनी लू हेमर राहत होत्या. वाटेकऱ्याच्या घरची वीस भावंडांतली ही धाकटी मुलगी सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होती. १९६२ साली त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, त्याच दिवशी मालकाने त्यांना मळ्यावरून काढले. तिथे त्यांनी अठरा वर्षे काम केले होते. १९६९ साली त्यांनी ४० एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. भाजीपाला आणि डुकरे पाळून भुकेल्या कुटुंबांना जगवणे हा तिचा उद्देश होता. ही शेती वाढून ६०० एकरांवर गेली, परंतु देणग्यांवर चालणारी ती संस्था कर्जाखाली दबली आणि सत्तरीच्या दशकातच तिची जमीन गेली. एकाच जिल्ह्यात पीक न काढणारा मालक सरकारी पैशावर टिकला आणि पीक काढून माणसे जगवणारी बाई कर्जात बुडाली.

याच सुमारास डेल्टातील उरलेसुरले वाटेकरीही संपत होते. कापसाचे क्षेत्र सरकारने आणखी घटवले, तणनाशके आणि वेचणीची यंत्रे आली. ३१ जानेवारी १९६६ रोजी काही बेघर कुटुंबांनी ग्रीनव्हिल येथील हवाई दलाच्या रिकाम्या बराकी ताब्यात घेतल्या. अन्न द्या, काम द्या, जमीन द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सैनिकांकरवी त्यांना बाहेर काढण्यात आले. १९७० साली संसदेने एका पिकामागे एका व्यक्तीला ५५ हजार डॉलरांहून अधिक देऊ नये अशी मर्यादा घातली. मोठ्या मालकांनी मळे बायकामुलांच्या आणि नातलगांच्या नावे वाटून दाखवले. कमाल जमीनधारणा कायद्यातून आपल्याकडच्या बागायतदारांनी ज्या वाटा काढल्या, त्या ओळखीच्याच वाटतील.

५. दलदल परत घ्या

१९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या अनुदानांना आजचे रूप दिले. धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे पिकाखालून काढून गवत वा झाडांखाली ठेवावी आणि त्याबद्दल वार्षिक भाडे घ्यावे, ही त्यातली मुख्य योजना. २००७ साली या योजनेखाली ३ कोटी ६० लाख एकरांहून अधिक जमीन होती. पाणथळ जमीन कोरडी करून त्यावर पीक घेणाऱ्याची इतर सरकारी मदत बंद करण्याची तरतूदही याच कायद्यात आली. १९९० साली पाणथळ जमिनी राखण्याची स्वतंत्र योजना आली. मालकाने ३० वर्षांकरिता किंवा कायमचा लागवडीचा हक्क सोडावा, सरकारने त्याची किंमत द्यावी आणि दलदल पुन्हा उभी करण्याचा खर्चही उचलावा. या योजनेत २६ लाख एकरांहून अधिक जमीन आली, आणि तिच्यात लुइझियाना, आर्कान्सा व मिसिसिपी ही राज्ये आघाडीवर राहिली.

या कामाची गरज नाकारता येणार नाही. आजच्या ४८ सलग राज्यांच्या भूमीवर १७८० च्या दशकात सुमारे २२ कोटी एकर पाणथळ जमीन होती. १९८० च्या दशकापर्यंत ती साडेदहा कोटींच्या खाली आली. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातील नदीकाठचे जंगल एका चतुर्थांशाहूनही कमी उरले होते. या योजनांनी माती वाचली, पाणी शुद्ध झाले, बदके परतली. हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

ही तीच जमीन आहे. दलदल असताना सरकारने ती मातीमोलाने देऊन टाकली. काळ्या मजुरांनी ती कोरडी केली. पुढे दीर्घकाळ शेतखात्याच्याच योजनांतून चर खणायला मदत मिळत राहिली. मालकाने कापूस घेतला, भाव पडल्यावर कापूस न घेण्याचे पैसे घेतले, वाटेकऱ्याला हाकलले, सोयाबीन घेतले, आणि शेवटी तीच जमीन पुन्हा दलदल करण्याचे पैसे घेतले. प्रत्येक वळणावर सरकारने मोजलेली रक्कम एकाच दारात गेली. ज्याच्या बापजाद्यांनी कंबरेइतक्या पाण्यात उभे राहून ती जमीन घडवली, त्याचे नाव यांपैकी एकाही धनादेशावर नव्हते.

१९८५ च्या कायद्यात कूळ आणि वाटेकरी यांना भाड्यात न्याय्य वाटा मिळावा असे कलम आहे. ते असणे चांगलेच. पण ते आले तोवर काळा वाटेकरी शिकागो आणि डेट्रॉइटच्या वस्त्यांत पोचून एक पिढी उलटली होती. माणूस गेल्यावर त्याच्या हक्काचे कलम आले.

६. सामायिक जमीन आणि अडलेला न्याय

ज्यांनी पै पै जोडून जमीन घेतली त्या काळ्या शेतकऱ्यांचे काय? १९२० च्या शिरगणतीत काळे शेतकरी ९ लाख २५ हजारांहून अधिक होते, म्हणजे दर सात शेतकऱ्यांत एक. २०२२ च्या शेतीगणनेत ते सुमारे ४७ हजार उरले. एकूण शेतकऱ्यांत दीड टक्काही नाही. मधल्या काळात मोजण्याची रीत बदलली आहे, पण घसरणीचे स्वरूप त्यामुळे बदलत नाही.

जमीन जाण्याचे एक कारण म्हणजे सामायिक वारसा. वकिलावर आणि कचेरीवर विश्वास नसल्याने अनेक काळ्या कुटुंबांनी मृत्युपत्रे केली नाहीत. जमीन सगळ्या वारसांच्या नावे अविभक्त राहिली. कोणा एका दूरच्या वारसाचा हिस्सा एखाद्या धनिकाने विकत घ्यायचा आणि न्यायालयाकडून सगळ्या जमिनीचा लिलाव करवायचा, अशी रीत पडली. अनुदानाच्या बाबतीत अडचण अशी की, योजनेत भाग घ्यायचा तर जमिनीवरील ताब्याचा स्पष्ट पुरावा लागतो. नाव स्पष्ट नाही, म्हणून शेतखात्याच्या दप्तरी शेताला क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून अनुदान नाही. २०१८ च्या कायद्याने अशा कुटुंबांना इतर कागदपत्रांवर क्रमांक मिळवण्याची सोय केली. अनुदाने सुरू होऊन तोवर ८० वर्षे लोटली होती. एका सातबाऱ्यावर पन्नास नावे असलेली महार वतनाची जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही.

शेतखात्याच्या पक्षपाताविरुद्ध काळ्या शेतकऱ्यांनी १९९७ साली दावा लावला. १९८३ साली खात्याने आपली नागरी हक्कांची कचेरीच मोडीत काढली होती आणि तक्रारी धूळ खात पडल्या होत्या, हे त्यात उघड झाले. १९९९ साली पिगफोर्ड खटल्याची तडजोड मंजूर करताना न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवात चाळीस एकरांच्या मोडलेल्या वचनापासून केली. बहुतेक यशस्वी अर्जदारांना ५० हजार डॉलर मिळाले. उशिरा आलेल्या हजारो अर्जांसाठी २०१० साली आणखी सव्वाशे कोटी डॉलरांची तडजोड झाली. पैसे मिळाले, गेलेली जमीन परत मिळाली नाही.

२०२१ साली संसदेने काळ्या आणि इतर वंचित शेतकऱ्यांच्या सरकारी कर्जाची माफी मंजूर केली. गोऱ्या शेतकऱ्यांनी हा आपल्यावर अन्याय आहे म्हणून दावे लावले, न्यायालयांनी योजना रोखली आणि २०२२ साली ती रद्द झाली. तिच्या जागी वंश न पाहता पक्षपाताचा बळी ठरलेल्यांना मदत देण्याची तरतूद आली आणि २०२४ साली ४३ हजारांवर लोकांना सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले. जुलै २०२५ मध्ये शेतखात्याने जाहीर केले की वंश वा लिंग यांवर आधारलेली 'सामाजिकदृष्ट्या वंचित' ही वर्गवारी यापुढे योजनांत वापरली जाणार नाही. शतकभर रंग पाहून नाकारले. भरपाईची वेळ आली तेव्हा रंग पाहणे अन्याय ठरले. राखीव जागांविरुद्धचा युक्तिवाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही भाषा कुठून येते हे ठाऊक आहे.

७. आपला हिशेब

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमीन कसायला द्या, ही त्यांतली एक मुख्य मागणी होती. आपल्या चळवळीने 'पडीक' हा शब्द भूमिहीनाच्या हक्काशी जोडला. अमेरिकेच्या कायद्याने तोच शब्द मालकाच्या उत्पन्नाशी जोडला. पर्यावरणाची भाषा जसजशी आपल्या गावात येत आहे, तसतसा हा दुसरा अर्थ इकडेही येतो आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पाला भाड्याने जमीन देणाऱ्या मालकाला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये ठरवण्यात आले, आणि प्रकल्पांसाठी गायरानेही देण्यात आली. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या बाईचे किंवा गायरान कसणाऱ्या कुटुंबाचे नाव भाड्याच्या हिशेबात येत नाही. २०१९ पासून वाटली जाणारी शेतकरी सन्मान निधीची वार्षिक सहा हजारांची रक्कमही जमीन नावावर असलेल्या कुटुंबांनाच मिळते.

म्हणून माती, पाणी, झाडे आणि सूर्य यांच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक योजनेला आपल्या कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पैसे कोणाच्या नावावर जाणार? ते वाटणाऱ्या समितीत कोण बसणार? आणि जमीन कसणे थांबल्याने ज्याची मजुरी जाणार त्याचा वाटा करारात लिहिला आहे की नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'शक्य तोवर' असे आले तर १९३४ साल आठवावे. पडीक पडणाऱ्या जमिनीवर कोण राबत होते, याची यादी जमीन पडीक पडण्याआधी गावसभेत वाचली गेली पाहिजे, आणि मजुराचा हिस्सा मालकाच्या हातून नव्हे, थेट त्याच्या खात्यात गेला पाहिजे. गायरान कसणाऱ्यांच्या नोंदी झाल्याशिवाय गायरानावर कोणतीही योजना येता कामा नये. टायरोन्झाच्या त्या शाळेत जमलेल्या अठरा जणांनी यापेक्षा निराळे काही मागितले नव्हते. त्यांना ते मिळाले नाही, कारण जमीन मोजून झाली आणि पैसे वाटून झाले तेव्हा ते रस्त्यावर होते. आपली माणसे अजून रानात आहेत, तोवर हा हिशेब मांडून घेतला पाहिजे.